माक्याच्या तेलाचा डाग

सक्करदरा तलावाच्या मागच्या ले-आउटमध्ये लाल विटांचं आता एकच घर उरलं होतं. आजूबाजूच्यांनी टाइल्स लावून घेतल्या, काचा बसवल्या, एकाने तर अख्खी भिंत जांभळी करून टाकली. हे घर मात्र वामनरावांनी बांधलं तसंच राहिलं, बाहेरून लाल आणि आतूनही लाल. वामनराव वीज मंडळात हेडक्लार्क होते. कन्हानच्या भट्टीवर स्वतः जाऊन, वीट हातात घेऊन, वाजवून वाजवून त्यांनी पसंत केली होती. असल्या विटेवर सिमेंटची छपाई करून ती गिलाव्याखाली झाकायची म्हणजे ताज्या भाकरीला चुना फासायचा, असं ते म्हणत. ते एकदा म्हणाले की घरात तो विषय पुन्हा निघत नसे.

घर बघायला देखणं होतं, राहायला नव्हतं. बैठकीत दुपारीही दिवा लावावा लागे. विटांच्या फटींतून कोळी संसार थाटत. वामनरावांची सून अरुंधती लग्न होऊन आली तेव्हापासून केरसुणीने भिंती झाडत आली होती. जमीन झाडणाऱ्या बायका घरोघरी असतात, भिंती झाडणारी मी एकटीच, असं ती पूर्वी हसत सांगायची. अलीकडे ते हसणंही राहून गेलं होतं.

शेवटची कित्येक वर्षं वामनराव बैठकीतल्या दिवाणावर भिंतीला डोकं टेकवून बसलेले असत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोक्याला माक्याचं तेल मात्र रोज लागे, भरपूर. ते तेल विटेने पिऊन पिऊन त्यांच्या डोक्यामागे ताटलीएवढा काळा डाग पडला होता. भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघर होतं. काही हवं असलं की ते डाव्या हातातली अंगठी विटेवर आपटत. टक, टक, टक. अरुंधतीने पोळी तव्यावर टाकलेली असो की तोंडात घास असो, "आले मामंजी" म्हणून तिला उठावं लागे. पाणी, उशी, लघवीचं भांडं, कधी काहीच नाही. काहीच नको असताना ते नुसते तिच्याकडे बघत. बोलावल्यावर किती उशिरा आलीस, असं बघत.

तिचा नवरा वसंत पोस्टातून निवृत्त झालेला, स्वभावाने गरीब. वडिलांसमोर तो उभ्या जन्मात मोठ्याने बोलला नाही. "तूच पाहा बाई, त्यांना तुझंच जमतं," असं म्हणून तो फाटकाशी पेपर वाचत बसे. जमत होतं हे खरं. म्हणूनच ते तिच्या गळ्यात पडलं होतं. त्यांची लेक अबोली लग्न होऊन पुण्याला गेली होती.

ऐन मे महिन्यात वामनराव गेले. दहाव्याला सगळे कन्हान नदीच्या काठावर जमले. पिंड मांडून झाले आणि कावळा शिवेना. बाभळीवर दोन-चार बसले होते, मान वाकडी करून बघत होते, खाली येत नव्हते. वसंत हात जोडून म्हणाला, "बाबा, घर सांभाळीन." कावळे हलले नाहीत. चुलत भावांनी, पुतण्यांनी ज्याला जे सुचेल ते सांगून पाहिलं. ऊन असं की वाळूकडे बघवत नव्हतं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले. अरुंधतीला भोवळ येत होती. तिला फक्त घरी जाऊन फरशीवर आडवं व्हायचं होतं, कोणी हाक न मारता. ती पुटपुटली, "मामंजी, अबोलीचं पहिलं बाळ तुमच्या पुढ्यात आणून ठेवीन. आता तरी शिवू द्या."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काय बोललीस, असं कोणी विचारलं नाही, आणि तीही ते विसरून गेली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात पुण्याहून अबोलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे अरुंधतीने धरूनच ठेवलं होतं. जन्मभर तिने म्हाताऱ्याचं केलं, नवऱ्याचं केलं. आता लेकीचे आणि नातवंडाचे तीन महिने तेवढे तिला स्वतःसाठी हवे होते. यात करायचं होतंच, पण ते करणं वेगळं.

"आई, सासूबाई म्हणतात इथेच कर," अबोली चाचरत म्हणाली. "मला यायचंय गं. पण जिना चढायचा नाही, म्हणजे झोपायचं त्या बैठकीत. लहानपणापासून तिथे माझा जीव घुसमटतो. आजोबा त्या भिंतीला बसलेले अजून दिसतात."

"भिंत ठेवतच नाही मी," अरुंधती म्हणाली. आपण असं काही बोलू शकतो याचं तिलाच नवल वाटलं.

वसंतने जरा का-कू केली. "बाबांना सांगितलं होतं वं मी, घर सांभाळीन म्हणून."

"मग सांभाळूनच राहिलो ना आपण. रंग देणं म्हणजे पाडणं आहे का?"

वसंत पेपर घेऊन फाटकाशी जाऊन बसला.

दिवाळी झाल्यावर हर्षित आला. मानेवाड्याकडचा तिशीतला ठेकेदार, एका हातात रंगांचं पुस्तक, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर त्याने त्यांच्याच घराचा फोटो पांढरा करून दाखवला. बाहेरच्या विटा तशाच ठेवून पांढऱ्या रंगवायच्या, खिडक्यांच्या चौकटी करड्या, आत बैठकीत छपाई करून वर गुळगुळीत पुट्टी, आणि शहाळ्याच्या मलईसारखा रंग. अरुंधती तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिली. त्या घरात राहणारी बाई थकलेली नसणार, असं तिला वाटलं.

काम सुरू झालं. सिमेंटला पकड मिळावी म्हणून विटांवर छिन्नीने टाचे मारले, लाल धुळीने घर भरून गेलं. दिवाण भंगारवाल्याने नेला. छपाई झाली, पाणी मारून झालं, भिंत वाळली. पुट्टी चढली, घासली गेली, प्रायमर लागला. बैठकीत पहिल्यांदाच खिडकीचा उजेड मागच्या भिंतीपर्यंत पोचला. अरुंधती पायऱ्यांवर चहा घेऊन बसली आणि तिने कोणाला न विचारता दुसरा कप घेतला.

दोन दिवसांनी प्रायमरवर पिवळसर गोल दिसला. दिवाणावर बसलेल्या माणसाचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर.

"तेलाचा डाग असाच चिवट राहते, काकू," हर्षित म्हणाला. "वीट तेल पिऊन बसली ना. सीलर मारतो, झाकून जाईन."

त्याने सीलर मारला, वरून पुन्हा पुट्टी भरली. डाग आला, आता जास्त गडद. हर्षितने बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहिली. सगळीकडे भरीव आवाज येत होता, डागापाशी पोकळ. त्याने तेवढी छपाई फोडली. आत वीटच होती, कोरडी, धडधाकट. डाग विटेवर नव्हताच. फोडलेल्या सिमेंटच्या खपलीवर तो वरच्या, खोलीकडच्या बाजूने ओला होता. हर्षितने खपली नाकाशी नेली आणि झटकन तगारीत टाकली.

"पाइप असन मागून," हात झटकत तो म्हणाला.

"मागे स्वयंपाकघर आहे. तिकडे पाइप नाही."

"मग हवेतला ओलावा असन."

नागपूरला नोव्हेंबरात हवेत ओलावा कुठून येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. हर्षितने जागा पुन्हा भरली आणि पुढे लक्ष ठेवता यावं म्हणून डागाभोवती पेन्सिलने गोल आखून ठेवला. बाहेरचं काम मात्र बिनबोभाट झालं. पांढरं घर बघायला गल्लीतले लोक संध्याकाळी फाटकाशी थांबू लागले.

सातवा महिना संपवून अबोली आली. जावई गौरांग तिला पोचवून परत गेला. फाटकातून आत शिरताना ती थबकली.

"आई, हे आपलंच घर आहे का गं?"

बैठकीत ती सगळ्या बाजूंनी फिरली, मग खिडकीखालच्या पलंगावर बसून रडली. आनंदानेच. अरुंधतीच्याही डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत या घरात आपल्या मनासारखं झालेलं हे पहिलंच, असं तिला वाटलं आणि तिने ते बोलूनही दाखवलं. डागाबद्दल अबोली एवढंच म्हणाली, "पाणी मुरतंय वाटतं," आणि तिने त्यावर कॅलेंडर टांगलं.

अरुंधती सकाळी झाडताना कॅलेंडर उचलून बघायची. डाग वाढत नव्हता. पण एका सकाळी तिला पेन्सिलचा गोल रिकामा दिसला. डाग त्याच्या शेजारी होता, वीतभर खिडकीकडे सरकलेला.

तिने हर्षितला बोलावून दाखवलं. त्याने डोकं खाजवलं.

"मीच गोल चुकीच्या जागी काढला असन," तो म्हणाला. "काकू, आता बाळंतपण होऊन जाऊ द्या. मग एकदमच शेवटचा हात मारतो."

त्याने या वेळी भिंत वाजवून पाहिली नाही.

डाग पलंगाच्या रोखाने येत होता. रोज नाही, घाईही नाही. जितका पुढे येई तितका खाली उतरे. अरुंधती कॅलेंडर त्याच्यासोबत सरकवत राहिली. वसंतला तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू काहून एवढी त्या भिंतीकडे पाहून राहिली? थकली आहेस तू. अबोलीचं होऊ दे, मग आपण चार दिवस रामटेकला जाऊन येऊ." ती थकली होती हे खरं होतं. त्यामुळे आपल्याला जे दिसतं ते दिसतं की नाही, याचीही तिला खात्री देता येईना.

संक्रांतीच्या आसपास धंतोलीतल्या हॉस्पिटलात अबोलीला मुलगा झाला. आई-बाळ दोघं ठणठणीत. फाटकात अरुंधतीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या पायांवर पाणी घातलं आणि दोघांना बैठकीत आणलं. पलंगाशेजारी त्याच भिंतीलगत लाकडी पाळणा तयार होता. तिने बाळ पाळण्यात ठेवलं, दुपट्याची घडी नीट केली, आणि वाकल्या वाकल्या तिला समोर डाग दिसला.

पाळण्याच्या कठड्याला लागून, बाळाच्या डोक्याच्या उंचीवर. ओला.

आणि तेव्हा तिला कन्हानचा काठ आठवला. बाभळीवरचे कावळे आणि स्वतःचा आवाज.

तिने पाळणा खोलीच्या मध्यभागी ओढला. अबोली म्हणाली, "अगं, तिथे पंख्याखाली थंडी लागेल त्याला," आणि वसंतने तो पुन्हा भिंतीशी नेला.

बाळ गुणी होतं. रडत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका कौतुक करत, असं शहाणं मूल पाहिलं नाही म्हणत. भूक लागली तरी ते भिंतीकडे मान वळवून पडून राही. अरुंधती त्याला सकाळी खोबरेल तेलाने माखून न्हाऊ घालायची, धुरी द्यायची आणि दिवसभर त्याच्याजवळून हलायची नाही. पण अळिवाची खीर करायला, बाळंतिणीचा शिरा करायला स्वयंपाकघरात जावंच लागे.

एका दुपारी ती डिंक तळत होती. वसंत औषधं आणायला गेला होता.

टक, टक, टक.

"आले मामंजी," ती म्हणाली आणि हात पदराला पुसत चार पावलं चाललीसुद्धा.

मग ती दारात थांबली.

अबोली गाढ झोपली होती. पाळण्यात बाळ जागं होतं. त्याची डावी मूठ भिंतीला टेकलेली होती.

अरुंधतीने त्याला उचललं. त्याची टाळू नाकाशी आली. खोबरेलाचा वास नव्हता.

माक्याच्या तेलाचा होता.

तिने त्याला समोर धरलं. बाळाने डोळे उचलून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या लहान मुलाची नजर ठरत नाही म्हणतात. ही ठरलेली होती. बोलावल्यावर किती उशिरा आलीस, असं ते बघत होतं.

तळणीत डिंक करपल्याचा वास घरभर झाला तेव्हा अबोली जागी झाली. आई बाळाला छातीशी घट्ट धरून अंगणात उन्हात उभी होती.

त्या संध्याकाळी अरुंधती लेकीजवळ बसली. खरं सांगायचं तर काय सांगणार होती? वसंतने ऐकून घेतलं नव्हतं, अबोलीने तर डॉक्टरकडे नेलं असतं. तिने खूप विचार केला आणि शेवटी जे सगळ्यांना पटेल तेच सांगितलं.

"अबोली, मला होत नाही गं आता. गौरांगला बोलावून घे. तुझ्या सासूबाई करतील तुझं."

अबोलीला आधी कळलंच नाही. "म्हणजे? सव्वा महिना तरी व्हायचाय."

"म्हणजे मी थकले. आजोबांचं केलं, आता तुझं होत नाही. मला माझं घर मोकळं हवं."

"तूच बोलावलं होतंस," अबोली म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला की अरुंधतीला वाटलं, उठून सगळं सांगून टाकावं. "माझ्यासाठी घर रंगवलंस ना तू?"

"हो. झालं रंगवून."

यातला शब्दही खोटा ठरवता आला नसता. म्हणूनच तो अबोलीला लागला.

गौरांग येऊन दोघांना घेऊन गेला. वसंत फाटकापर्यंत गेला, अरुंधती पायरीवरच उभी राहिली. अबोलीने वाकून नमस्कार केला, पण मान वर करून पाहिलं नाही. बाळ तिच्या खांद्यावर होतं, घराकडे तोंड करून. ते रडलं नाही. वसंत आत येऊन एवढंच म्हणाला, "असं नव्हतं करायला पायजे तू." मग पुष्कळ दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. तिने सगळं सोसलं. पोर दूर गेली, बाळ दूर गेलं, आता त्या भिंतीला काय हवं ते पिऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रिकामा पाळणा बाजूला ओढला. डाग फिकट झाला होता. त्यानंतर नुसती पिवळट कड उरली. मग तीही दिसेनाशी झाली.

हर्षित शेवटचा हात मारायला आला. त्याने सगळी भिंत पेराने वाजवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"भरीव वाजून राहिली, काकू," तो खुशीत म्हणाला. "कुठंच पोकळ नाही. मी म्हटलं नव्हतं? आपोआप बसते."

अरुंधतीने त्याला चहा दिला.

महाशिवरात्रीला अबोलीचा फोन आला. राग पुरता गेलेला नव्हता, पण बाळाबद्दल बोलताना तो राहत नव्हता.

"मजेत आहे तो. इथे आल्यापासूनही रडत नाही. सासूबाई तर म्हणतात, असं मूल पाहिलं नाही. फक्त शेजारच्या फ्लॅटमध्ये काहीतरी काम चाललंय वाटतं, सारखं भिंतीवर ठोकतात. तीनदा ठोकतात, थांबतात. तो तेवढं ऐकत पडून राहतो."

"तू काय करतेस मग?" अरुंधतीने विचारलं.

"मी काय करणार? उठून बघून येते, त्याला काही हवंय का."

अरुंधतीने फोन ठेवला. मग तिने देवघराखालच्या फळीवरून वामनरावांच्या तेलाची उरलेली बाटली काढली. केस सोडले. तळहातावर तेल घेऊन डोक्यावर थापलं, पुन्हा घेतलं, कपाळावर ओघळेपर्यंत थापलं. स्टूल ओढून ती बैठकीत आली आणि जिथे दिवाण होता त्या जागी भिंतीला डोकं टेकवून बसली.

"मामंजी," ती म्हणाली, "इथे या. लेकराला सोडा. मी आहे ना, मी करीन सगळं. पहिल्यासारखं करीन."

तिने बोटातली अंगठी भिंतीवर आपटली. तीनदा. वाट पाहिली. पुन्हा तीनदा.

वसंत फिरून आला तेव्हा उजेड कमी झाला होता. त्याने दिवा लावला आणि तो दचकला.

"अगं, काय करून राहिली? नवी भिंत आहे, तेल लागलं ना सगळं."

अरुंधती उठली. तिच्या मानेवरून तेल पाठीत उतरलं होतं, पोलकं भिजून चिकटलं होतं. तिने वळून पाहिलं. मग जवळ जाऊन तळहाताने भिंत चाचपली, वर, खाली, दोन्ही बाजूंना.

मलईच्या रंगाची ती भिंत कोरडी होती. तिच्या डोक्याचा डाग कुठेच पडला नव्हता.